एक टन मॉल्टपासून बाटलीपर्यंत: स्कॉच व्हिस्की कशी बनते आणि लेबल कसं वाचायचं

'सिंगल मॉल्ट', 'फर्स्ट फिल', 'कास्क स्ट्रेंथ', 'नॉन चिल फिल्टर्ड' असे शब्द बाटलीवर दाटीवाटीने छापलेले असतात. नवख्या माणसाला ते जाहिरातीचे वाटतात. खरं तर त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द हा डिस्टिलरीत कुणीतरी घेतलेल्या एखाद्या निर्णयाचं नाव आहे. तो निर्णय कुठल्या टप्प्यावर घेतला जातो हे कळलं की शब्द पाठ करावे लागत नाहीत. म्हणून इथे आपण एक टन मॉल्ट घेऊ आणि त्याचा माग थेट बाटलीपर्यंत काढू. आकडे साधारण धरलेले आहेत. प्रत्येक डिस्टिलरीचे थोडे वेगळे असतात, आणि चवीतला फरक तिथूनच सुरू होतो.

कायदा काय म्हणतो

स्कॉच कशाला म्हणायचं हे ब्रिटनच्या २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनी ठरवलेलं आहे. धान्य भिजवून त्याची साखर काढणं, आंबवणं, गाळणं आणि मुरवणं हे सगळं स्कॉटलंडमध्येच झालं पाहिजे. मुरवायचं ते ओकच्या पिंपात, पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको, आणि मुदत किमान ३ वर्षं. गाळलेलं स्पिरिट ९४.८ टक्क्यांपेक्षा कमी तीव्रतेचं हवं, म्हणजे धान्याचा वास आणि चव त्यात शिल्लक राहते. वरून फक्त पाणी आणि साधा कॅरॅमल रंग घालता येतो. बाटलीत भरताना अल्कोहोल किमान ४० टक्के. या लेखातले अल्कोहोलचे सगळे टक्के आकारमानानुसार आहेत.

याच नियमांत स्कॉचचे पाच प्रकार आहेत. सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे गाळायच्या मोठ्या भांड्यात, एकेक घाणा करून गाळलेली. सिंगल ग्रेनही एकाच डिस्टिलरीची, पण तिच्यात गहू, मका असं दुसरं धान्य चालतं. वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांच्या सिंगल मॉल्ट एकत्र केल्या की ब्लेंडेड मॉल्ट, ग्रेन एकत्र केल्या की ब्लेंडेड ग्रेन, आणि मॉल्ट व ग्रेन दोन्ही मिसळल्या की ब्लेंडेड स्कॉच. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल किंवा शिवास रीगल हे या शेवटच्या प्रकारातले.

'सिंगल' हा शब्द हमखास फसवतो. तो डिस्टिलरी एक आहे एवढंच सांगतो. एका सिंगल मॉल्टच्या बाटलीत शेकडो पिंपांतली व्हिस्की एकत्र केलेली असू शकते. एकाच पिंपातली हवी असेल तर लेबलावर 'सिंगल कास्क' लिहिलेलं शोधायचं.

बार्लीला मोड आणणं

बार्ली म्हणजे आपले जव. दाण्यात स्टार्च भरपूर असतो, पण यीस्टला स्टार्च खाता येत नाही, साखर लागते. दाण्याला मोड आला की तो स्वतःच्या वाढीसाठी एन्झाइम तयार करतो आणि ही एन्झाइमं स्टार्चची साखर करतात. नाचणी सत्त्व करताना आपण नाचणीला मोड आणून ती वाळवतो आणि दळतो, त्यामागचं तत्त्व हेच. अशी मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे मॉल्ट. एक टन मॉल्टसाठी साधारण बाराशे किलो बार्ली लागते.

दाणा दोनेक दिवस भिजवतात. सलग पाण्यात ठेवत नाहीत. काही तास पाणी, मग पाणी काढून काही तास हवा, असं आलटून पालटून करतात, कारण दाणा जिवंत आहे आणि हवा मिळाली नाही तर गुदमरून मरतो. आर्द्रता १२ टक्क्यांवरून ४५ च्या आसपास गेली की तो पसरून मोड येऊ देतात. याला पाचेक दिवस लागतात. या काळात दाणे तापतात आणि मुळं एकमेकांत गुंतून चटई होते, म्हणून ते सतत उलथावे लागतात. फरशीवर पसरून लाकडी फावड्याने उलथण्याच्या जुन्या पद्धतीला फ्लोअर मॉल्टिंग म्हणतात. स्प्रिंगबँक डिस्टिलरी आपलं सगळं मॉल्ट असं स्वतः करते. बोमोर, लाफ्रॉइग, बॅलव्हेनी काही भाग करतात. बाकी बहुतेक जणांचं मॉल्ट मोठ्या यांत्रिक कारखान्यांतून येतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

थांबायचं कधी? टरफलाखालचा कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला आला की. मॉल्टवाला दाणा चिमटीत चिरडून भिंतीवर ओढून बघतो. खडूसारखी पांढरी रेघ उमटली तर आतला भाग मोकळा झाला. कडक खडा लागला तर अजून वेळ आहे. उशीर केला तर कोंब टरफलाबाहेर येतो आणि आपल्याला हवी असलेली साखर तोच खाऊन टाकतो.

मग भट्टीत वाळवणं. सुरुवातीला मंद आच, कारण ओल्या दाण्याला एकदम उष्णता दिली तर एन्झाइमं मरतात आणि पुढे मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजवताना, साखरच होत नाही. आर्द्रता ४ ते ५ टक्क्यांवर आली की मॉल्ट तयार.

धुराची चव याच टप्प्यावर येते, पाण्यातून किंवा पिंपातून नाही. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींचा, खणून विटांसारखा कापून वाळवलेला थर. दाणा ओला असेपर्यंतच पीटचा धूर धरतो, म्हणून पीट भट्टीच्या पहिल्या तासांत जाळतात. धुराचा वास देणाऱ्या घटकांचं, म्हणजे फेनॉलचं, प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग, असं मोजतात. बोमोरचं मॉल्ट साधारण २५, लाफ्रॉइगचं ४० ते ४५, आर्डबेगचं ५० ते ५५. हा आकडा मॉल्टचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. पुढच्या टप्प्यांत फेनॉलचा मोठा भाग गळून जातो. किती गळतो हे गाळणाऱ्याच्या हातात असतं, त्यामुळे सारख्या पीपीएमच्या दोन व्हिस्क्या धुराच्या बाबतीत सारख्या निघतीलच असं नाही.

भरड

मॉल्ट रोलरच्या गिरणीत भरडतात. या भरडीला ग्रिस्ट म्हणतात. तिचं प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखं असतं: २० टक्के टरफल, ७० टक्के रवा, १० टक्के पीठ. चाळण्यांच्या पेटीत नमुना हलवून हे तपासतात. टरफल पुढे गाळणीचं काम करतं. पीठ जास्त झालं तर खालच्या जाळीवर लगदा बसतो, पाणी उतरत नाही आणि अख्खा घाणा अडकतो. भरड फार जाड झाली तर दाण्यातली साखर तशीच आत राहते. गिरणीआधी दगड आणि लोखंडाचे तुकडे काढणारं यंत्र असतंच, कारण पिठाच्या धुळीत एक ठिणगी पडली तरी स्फोट होतो.

मॅश: सगळ्यात नाजूक तापमान

भरड आणि गरम पाणी मॅश टन नावाच्या मोठ्या पातेल्यात एकत्र येतात. पातेल्याला तळाशी जाळी आणि आत फिरणारे हात असतात. एक टन भरडीला पहिलं पाणी साधारण चार हजार लिटर. ते असं गरम घ्यायचं की भरड मिसळल्यावर मिश्रण ६३ ते ६५ अंशांवर स्थिरावेल. ही मर्यादा इतकी अरुंद का, ते बघा. ६० च्या खाली बार्लीचा स्टार्च नीट फुलत नाही, त्यामुळे एन्झाइमांना तो फोडता येत नाही. ६७-६८ च्या वर गेलं की त्यातलं बीटा अमायलेज नावाचं एन्झाइम झपाट्याने मरतं. मग साखर होते, पण यीस्टला न पचणारी, आणि शेवटी दारू कमी निघते. सकाळी झालेली दोन-तीन अंशांची चूक भरून काढायला पुढे जागाच नसते.

हे गोड पाणी, म्हणजे वर्ट, जाळीतून खाली काढून घेतात. मग उरलेली साखर धुऊन काढायला ७५ अंशांच्या आसपासचं दुसरं पाणी. त्यानंतर ८५-९० अंशांचं तिसरं. पहिली दोन पुढे आंबवायला जातात. तिसऱ्यात साखर अगदी थोडी असते, म्हणून ते पुढच्या घाण्याचं पहिलं पाणी म्हणून वापरतात. खाली राहिलेला चोथा म्हणजे ड्राफ. तो गुरांच्या खाद्यात जातो.

वर्ट किती नितळ काढला यावरही चव ठरते. संथपणे, थर न ढवळता काढलेला नितळ वर्ट फळांच्या सुवासाकडे जातो. घाईने काढलेल्या गढूळ वर्टमधून दाण्याची, भाजक्या शेंगदाण्यासारखी चव येते. दोन्ही पद्धती मुद्दाम वापरल्या जातात.

आंबवण

आपल्या एका टनाचा आता साधारण पाच हजार लिटर वर्ट झाला. तो १८ ते २० अंशांपर्यंत थंड करून वॉशबॅक नावाच्या उंच टाकीत भरतात आणि यीस्ट सोडतात. टाकी लाकडाची असो की स्टीलची, पहिले दोन दिवस आत सारखंच चालतं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, फेस उसळतो, तापमान ३३-३४ पर्यंत चढतं. त्याच्या वर गेलं तर यीस्ट थकून मरतं आणि साखर अर्धवट राहते. म्हणूनच वर्ट थंड भरायचा. टाकीत तोंड घालून वास घ्यायचा नाही. तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि नाकाला तो एकदम झोंबतो. डिस्टिलरी बघायला गेलात तर ही सूचना गांभीर्याने घ्या.

बिअरचा वर्ट उकळतात, व्हिस्कीचा उकळत नाहीत. त्यामुळे मॅशमधली एन्झाइमं आणि दाण्यावरचे लॅक्टिक जिवाणू काही प्रमाणात जिवंत राहून टाकीत येतात. यीस्टचं काम ४८ तासांत जवळजवळ संपतं. त्यानंतरही टाकी तशीच ठेवली तर जिवाणूंचं काम सुरू होतं, आंबटपणा वाढतो आणि फळांसारखे वास तयार होतात. ५० तासांत उरकलेली आंबवण आणि ९०-१०० तास चाललेली आंबवण यांची स्पिरिट्स वेगळी लागतात. कुठल्याही डिस्टिलरीबद्दल एकच प्रश्न विचारायचा असेल तर आंबवण किती तासांची हा विचारा. पाण्याच्या झऱ्याच्या कहाणीपेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळतं.

आता टाकीत ८ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेला आंबट द्रव आहे. त्याचं नाव वॉश.

गाळणं: पहिली, मधली आणि शेवटची धार

वॉश तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये दोनदा गाळतात. गोव्यात काजूच्या रसाची एकदा गाळून उर्राक होते आणि पुन्हा गाळून फेणी, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही रचना लगेच कळेल. ऑकनटॉशन तीनदा गाळते, स्प्रिंगबँक अडीच वेळा (म्हणजे काही भाग तिसऱ्यांदाही), पण दोनदा हाच सर्वसाधारण शिरस्ता.

पहिल्या भांड्याला वॉश स्टिल म्हणतात. वॉशमध्ये यीस्ट आणि प्रथिनं असल्याने उकळताना फेस चढतो. मानेला बसवलेल्या काचेच्या खिडकीतून तो दिसतो आणि दिसला की आच कमी करायची. चुकलं तर फेस वरच्या नळीतून थेट वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमध्ये जातो आणि गाळलेल्यात घाण मिसळते. पाच हजार लिटर वॉशमधून १७०० लिटरच्या आसपास लो वाइन्स निघतात, २३-२४ टक्क्यांच्या. भांड्यात उरतं त्याला पॉट एल म्हणतात. तेही आटवून गुरांच्या खाद्यात जातं.

दुसऱ्या भांड्यात, स्पिरिट स्टिलमध्ये, खरं कौशल्य लागतं. लो वाइन्ससोबत मागच्या घाण्याच्या बाजूला काढलेल्या धारा मिसळून आच लावतात. आपल्याकडे पहिल्या धारेचीच तारीफ होते. स्कॉचमध्ये मात्र पहिली धार पिंपात जातच नाही. तिला फोरशॉट्स म्हणतात. तिच्यात झोंबणारे, पटकन उडणारे घटक असतात, आणि आधीच्या घाण्याची नळीत राहिलेली तेलं तीच धुऊन आणते. साधारण अर्धा तास ती बाजूला घेतात. स्वच्छ झाली की नाही हे ओळखायला नमुन्यात पाणी घालून तो ४५.७ टक्क्यांवर आणतात. दुधाळ झाला तर थांबायचं, नितळ राहिला तर मधली धार सुरू झाली.

मधली धार म्हणजे हार्ट. साधारण ७५ टक्क्यांपासून ती धरतात आणि ६० ते ६५ च्या दरम्यान तोडतात. ही तोड म्हणजे कट. त्यानंतर येणारी शेवटची धार म्हणजे फेंट्स: जड, तेलकट, चामड्याच्या आणि ओल्या कुत्र्याच्या वासाची. फोरशॉट्स आणि फेंट्स फेकत नाहीत, पुढच्या घाण्यात परत घालतात. लवकर तोडलं तर स्पिरिट हलकं, फुलांसारखं. उशिरा तोडलं तर जड आणि भरीव. धुराचे फेनॉल धारेच्या उत्तरार्धात जास्त येतात, म्हणून धुराची व्हिस्की करणारे सहसा उशिरा तोडतात. लवकर तोडायची सवय असलेल्या डिस्टिलरीने पीटचं मॉल्ट वापरलं तर धुराचा बराच भाग फेंट्समध्येच राहील.

धार बदलण्याचं काम स्पिरिट सेफवर होतं. ही पितळेची, काचेच्या भिंतींची, कुलूप लावलेली पेटी. आत तीव्रता मोजायची उपकरणं, बाहेर दांडे. पूर्वी किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असायची, त्यामुळे गाळणाऱ्याला स्पिरिटला हात न लावता, फक्त बघून आणि मोजून, धारा वेगळ्या कराव्या लागत. आज कित्येक ठिकाणी संगणक मदत करतो, पेटी मात्र आहे.

भांडं तांब्याचंच का? यीस्टमुळे तयार होणारी गंधकाची संयुगं, ज्यांना कोबीसारखा किंवा विझलेल्या काडीसारखा वास असतो, ती तांबं धरून ठेवतं. वाफ तांब्याला जितकी जास्त घासेल तितकं स्पिरिट हलकं. उंच मानेत जड वाफ वर पोचण्याआधीच थंड होऊन परत खाली पडते. हा रिफ्लक्स. ग्लेनमोरँजीच्या माना पाच मीटरहून उंच आहेत आणि तिचं स्पिरिट तसंच नाजूक आहे. वरून निघणारी तिरपी नळी, म्हणजे लाइन आर्म, वर चढती असेल तर रिफ्लक्स वाढतो, उतरती असेल तर जड वाफही पुढे निघून जाते.

कंडेन्सरचंही तसंच. आजचे बहुतेक कंडेन्सर म्हणजे आत शेकडो तांब्याच्या नळ्या असलेलं उभं नळकांडं. वर्म टब ही जुनी पद्धत: गार पाण्याच्या मोठ्या हौदात वेटोळं घातलेली एकच लांब नळी. तीत तांब्याशी संबंध कमी येतो, म्हणून स्पिरिट जड आणि मांसल होतं. डॅलव्हिनी डिस्टिलरीने १९८६ मध्ये वर्म टब काढून आधुनिक कंडेन्सर बसवले आणि स्पिरिटचा स्वभावच बदलला. शेवटी १९९५ मध्ये वर्म टब पुन्हा बसवावे लागले. मॉल्ट तेच, पाणी तेच, भांडी तीच. फक्त वाफ थंड करायची पद्धत बदलली होती.

ग्रेन व्हिस्कीचं गाळणं वेगळं. तिथे मका किंवा गहू शिजवून, थोड्या मॉल्टच्या एन्झाइमांनी साखर करून, आंबवून, उंच स्तंभांतून अखंड गाळतात. या स्तंभाच्या भट्टीचं पेटंट १८३० मध्ये ईनिअस कॉफी यांनी घेतलं, म्हणून ती कॉफी स्टिल. स्पिरिट ९४ टक्क्यांच्या आसपासचं, हलकं आणि गोडसर निघतं. ब्लेंडेड स्कॉच त्याच्यामुळेच शक्य झाली.

हे समजून घेण्यासाठी आहे, घरी करून बघण्यासाठी नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अल्कोहोलची वाफ बंद खोलीत पेट घेते.

पिंप

आपल्या एका टनातून मधल्या धारेचं, निव्वळ अल्कोहोलमध्ये मोजलं तर ४१० लिटर स्पिरिट मिळालं. पाणी घालून ते ६३.५ टक्क्यांवर आणतात. ही पिंपात भरायची रूढ तीव्रता. झाले साधारण ६४५ लिटर, म्हणजे तीन बॅरल भरून थोडं वर.

पिंपाचं सर्वसाधारण नाव कास्क. बॅरल म्हणजे २०० लिटरचा कास्क. हॉग्सहेड २५० लिटरचा, बट ५०० लिटरचा. लहान कास्कमध्ये दर लिटरला लाकूड जास्त लागतं, म्हणून रंग आणि चव लवकर उतरते, पण कधीकधी स्पिरिट मुरण्याआधीच लाकूड डोईजड होतं.

बहुतेक बॅरल अमेरिकेतून येतात. बर्बन व्हिस्की तिथल्या नियमांनुसार नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं मुबलक मिळतात. त्यांच्यातून व्हॅनिला आणि खोबऱ्याच्या चवी येतात. शेरी नावाची स्पॅनिश वाइन मुरवलेल्या, बहुधा युरोपीय ओकच्या बटमधून मनुका, खजूर, लवंग आणि थोडा तुरटपणा. स्कॉचसाठी पहिल्यांदा वापरलेल्या पिंपाला फर्स्ट फिल म्हणतात, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला रिफिल. फर्स्ट फिलमध्ये लाकूड बोलतं, रिफिलमध्ये डिस्टिलरी. कुठलं चांगलं हा प्रश्नच चुकीचा आहे. एखाद्या डिस्टिलरीचा मूळ स्वभाव कळून घ्यायचा असेल तर मात्र आमचं मत रिफिलच्या बाजूने आहे. 'फिनिश' म्हणजे बहुतेक मुदत एका पिंपात काढून शेवटचे काही महिने किंवा वर्षं दुसऱ्यात ठेवलेली. २०१९ मध्ये नियमांत बदल होऊन टकीलासारख्या काही आणखी पेयांची पिंपंही चालू लागली.

पिंपात तीन गोष्टी एकत्र चालतात. जळलेला थर गंधकासारखे खटकणारे घटक शोषतो. लाकूड रंग आणि चव देतं. हवा हळूहळू आत जाऊन नव्या चवी घडवते. तिसऱ्या गोष्टीला वेळच लागतो, तिथे घाई चालत नाही.

या काळात काही भाग उडून जातो. तो एंजल्स शेअर, देवदूतांचा वाटा. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के. तिथल्या दमट, थंड गोदामांत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त जातं, म्हणून तीव्रता हळूहळू उतरते. फार जुनं पिंप ४० च्या खाली गेलं तर त्यातली व्हिस्की स्कॉच म्हणून विकताच येत नाही, म्हणून जुन्या पिंपांची तीव्रता वरचेवर मोजतात. गोव्यात कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉन सिंगल मॉल्टच्या बाबतीत हे नुकसान वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास असतं. १०० लिटर घ्या: २ टक्क्यांनी १२ वर्षांत ७८ उरतील, ८ टक्क्यांनी जेमतेम ३७. आपल्याकडच्या सिंगल मॉल्टवर मोठे वयाचे आकडे क्वचित का दिसतात, याचं उत्तर या हिशेबात आहे. उष्णतेत लाकडाचं कामही वेगाने होतं, त्यामुळे कमी वय म्हणजे कच्ची व्हिस्की असं नाही.

बाटलीत भरताना

१२ वर्षांनंतर आपल्या ४१० लिटरपैकी ३२० लिटरच्या आसपास निव्वळ अल्कोहोल शिल्लक आहे. ४२.८ टक्क्यांवर, म्हणजे भारतात नेहमी दिसणाऱ्या तीव्रतेवर, पाणी घालून आणलं तर ७५० मिलीलिटरच्या सुमारे एक हजार बाटल्या. एक टन मॉल्ट, हजार बाटल्या, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे.

पाणी न घालता पिंपातल्या तीव्रतेवर भरली तर कास्क स्ट्रेंथ, सहसा ५० ते ६० टक्के. चिल फिल्टर म्हणजे शून्याच्या आसपास थंड करून, गढूळपणा आणणारे तेलकट घटक गाळून काढणं. ४६ टक्क्यांच्या खालची व्हिस्की बर्फ घातल्यावर धूसर होऊ नये म्हणून ते करतात. 'नॉन चिल फिल्टर्ड' बाटली थंडीत धूसर झाली तर ती बिघडलेली नाही. रंगासाठी घालायचं कॅरॅमल म्हणजे ई १५०ए. 'नॅचरल कलर' लिहिलेलं असेल तर ते नाही. गडद रंग म्हणजे जुनी व्हिस्की ही समजूत सोडून द्या.

लेबल वाचताना

आधी पाच प्रकारांपैकी कुठला ते बघा. मग वय. लेबलावरचं वय बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं. १२ वर्षं लिहिलेल्या ब्लेंडमध्ये ग्रेनचा थेंबसुद्धा १२ च्या खालचा नसतो. वय नसेल तर किमान ३ वर्षं एवढंच नक्की.

प्रदेश पाच: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला, कॅम्बेलटाउन. स्काय बेटावरची टॅलिस्कर किंवा ऑर्कनीची हायलँड पार्क कायद्याच्या दृष्टीने हायलँडच. प्रदेशावरून चवीचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे. आयला बेट म्हणजे धूर असं सगळे म्हणतात, पण तिथल्याच ब्रुइक्लॅडी आणि बुनाहाव्हन यांच्या नेहमीच्या व्हिस्क्या बिनधुराच्या आहेत.

कुठे भरली तेही वाचा. ब्लेंडेड स्कॉच पिंपाबाहेर काढून मोठ्या प्रमाणात भारतात आणून इथे बाटलीबंद करता येते, आणि ती स्कॉचच राहते. सिंगल मॉल्टला ती मुभा नाही. २३ नोव्हेंबर २०१२ पासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते. याउलट 'स्कॉच मॉल्ट मिसळलेली' असं सांगणाऱ्या अनेक भारतीय व्हिस्क्यांत मुख्य भाग इथल्याच स्पिरिटचा, पुष्कळदा साखर कारखान्याच्या मळीपासून केलेल्या, असतो. ती स्कॉच नव्हे. युरोपीय संघात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणूनही विकता येत नाही.

पहिल्यांदा चाखताना

तळाशी फुगीर, वर निमुळता ग्लास घ्या, २५-३० मिलीलिटर ओता. नाक एकदम आत घालू नका. तोंड किंचित उघडं ठेवून काठावरून वास घ्या, म्हणजे अल्कोहोल झोंबत नाही. एक घोट तशीच, मग अर्धा चमचा साधं पाणी घालून पुन्हा. व्हिस्क्या मिसळणारी ब्लेंडर मंडळी नमुने पाणी घालून २० टक्क्यांच्या आसपास आणूनच हुंगतात, तेव्हा पाणी घालण्यात संकोच नको. बर्फ वास दाबतो, म्हणून तुलना करताना टाळा. दोन बाटल्या शेजारी ठेवायच्या असतील तर एकच गोष्ट वेगळी असलेल्या निवडा: एकाच डिस्टिलरीची बर्बन पिंपातली आणि शेरी पिंपातली, किंवा पीट असलेली आणि नसलेली. फरक मग आपोआप कळतो. महाराष्ट्रात यासाठी वयाची अट २५ आहे आणि परवाना लागतो, तो दुकानात मिळतो.

बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बुच कुरतडतं आणि ते उघडताना तुटतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिडकीपासून दूर, खोक्यात ठेवलेली बरी. अर्ध्याच्या खाली आलेल्या बाटलीत हवा जास्त असते, ती काही महिन्यांत संपवा किंवा लहान बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा.